नकोपरा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बाबा खुर्चीतून उठले.

हसू नकोस. आई गेल्यापासून चौदा महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी दर पत्रात रडगाणं गायचे आणि तू दर पत्रात धीर धर म्हणायचीस. गेल्या रविवारी जेवताना त्यांनी टोमॅटोची फोड ताटाच्या कडेला सारली आणि म्हणाले, याला ओल्या पुठ्ठ्याची चव आहे. मी आधीच तापलेली होते. म्हटलं, मग घरी पिकवा आणि खा. बोलून गेले आणि जीभ चावली. पण तासाभराने बघते तर स्वारी मागच्या अंगणात, हातात गंजलेली पहार!

मागे ऊन पडतं ते एकाच ठिकाणी, आपल्या नकोपऱ्यात. हो, तोच. आपण तिकडे पाऊल टाकलं की आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नको, कोपरा, नको, कोपरा असं ओरडायची आणि शेवटी त्याचं नावच तसं पडलं. तिने तिथे एवढ्या जड फरशा का घालून ठेवल्या होत्या कोण जाणे. बाबांनी आणि दादाने तीन दिवसांत सगळ्या उखडल्या. खालची माती काळीभोर आहे. बाबा म्हणाले, बॅटऱ्यांचा धंदा होता तेव्हा त्यांची भट्टी इथेच होती, तिची राख मुरलेली आहे आणि राख म्हणजे आयतं खत. मग नेहमीचं पुराण झालं, की तुझ्या आईला वास सहन झाला नाही, तिने नाक मुरडलं आणि माझा चालता धंदा बसवला. पण या वेळी सांगताना ते हसले, ताई.

पालक, मुळा, गाजर आणि घेवडा पेरलाय. पाण्याचं खातं दादाकडे. कारखान्यात दिवसभर खोक्यांना लेबलं चिकटवून येतो आणि चहाही न पिता पाण्याचा डबा उचलतो. ओळीला सात डबे घाल म्हटलं की पाचाच्या पुढे गाडी अडते, मग पुन्हा पहिल्यापासून. काल मुळ्याला सतरा डबे घातले! बाबांनी लगेच सातचा पाढा झाला म्हणून जाहीर केलं आणि शाळेतला तो सगळा किस्सा, बाकावर उभं राहण्यापासून घरी पट्टी खाण्यापर्यंत, पुन्हा एकदा सांगितला. दादाच सगळ्यांत आधी हसला, नेहमीसारखा.

आमची भिंगरी तर शेतकरीणबाईच झालीय. तीन वर्षांचं कार्टं, पण सकाळपासून ढोपरापर्यंत मातीत. आजोबा खणतात आणि नात उकरते. तुझ्या हाताला गुण आहे, तेव्हा काय कधी लावायचं ते सविस्तर कळव.

लोभ आहेच, त्यालाही जरा पाणी घाल आणि लांबलचक उत्तर लिही.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दादाच्या सतरा डब्यांना मी इतकी हसले की शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या असतील. मला ऐकू आलं नाही एवढंच. तीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्याचा हा एक फायदा.

बाबा उठले हे फार चांगलं झालं. पण धाकटे, नकोपऱ्यात भाजी लावू नका. तिथे भिंतीची ओल येते आणि मुळं कुजतात. आईने ओलीसाठीच त्या फरशा घातल्या होत्या. पेरलं ते जाऊ दे, फरशा परत बसवा. कुंड्या आणा, जुन्या बादल्या घ्या, त्यांत बाहेरची माती भरा आणि पुढच्या पायऱ्यांवर ठेवा. कुंडीत टोमॅटो छान येतो. गाजरालाही खोल बादली पुरते. बाबांना वाकावं लागत नाही हेही आलंच.

आणि भिंगरीला त्या मातीत खेळू देऊ नकोस. ओलीने सर्दी होते. मोठ्या बहिणीचं कधीतरी निमूटपणे ऐकावं, त्याने काही कमीपणा येत नाही. फरशा बसवल्या की मला कळव. विसरू नकोस.

माझा लोभ तुझ्यावर किती आहे ते सांगायला नको, पण या वेळी तो हुकमासारखा वाटला तर तसा समज.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

धाकटीला लिहिलेलं पत्र आत्ताच पेटीत टाकून आले आणि लगेच तुला लिहायला बसले, कारण तिला मी धडधडीत खोटं लिहिलंय. तुझ्याशिवाय हे कुणाजवळ बोलणार?

बाबांनी नकोपऱ्यातल्या फरशा उखडल्या आणि भाजी लावली. जिथे ते जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे, त्याच जागी. तुला ती दुपार आठवत असेल. मी दहा वर्षांची होते आणि दादा चार वर्षांचा. बोलायला शिकला होता तेही विसरत चालला होता म्हणून तू आम्हाला तुझ्या दवाखान्यात बोलावलंस. डॉक्टर म्हणाले की शिशाची धूळ याच्या पोटात जात राहिली आहे, आता थांबवता येईल, पण बुद्धीचं जे गेलं ते परत येणार नाही. बाबा त्याला मांडीवर घेऊनच भट्टीपाशी बसायचे. केवढं कौतुक होतं त्यांना त्याचं.

घरी येताना आईने रस्त्यात मला उभं केलं आणि शपथ घातली. बाबांना कळलं तर माणूस कायमचा मोडेल, म्हणून त्यांना कधी सांगायचं नाही. घरी येऊन तिने वासाचं निमित्त केलं आणि आठ दिवस जेवली नाही, तेव्हा त्यांनी धंदा सोडून गोदामातली नोकरी धरली. धाकटी त्यानंतर जन्मली, तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला खरं लिहावं तर तिच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत बाबांना कळेल. आणि ते आत्ता कुठे उठलेत, मावशी. मी ओलीचं कारण दिलंय. तेवढ्यावर भागेल का?

तुझा हात डोक्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी,
मोठी


१६ फेब्रुवारी

चि. मोठीस,
आशीर्वाद.

ओल म्हणे! पन्नाशी ओलांडलीस आणि अजून शाळेला दांडी मारल्यासारखी कारणं देतेस.

मी परिचारिका म्हणून पस्तीस वर्षं काढली, तेव्हा स्पष्ट लिहिते. शिसं मातीतून कुठे उडून जात नाही. चाळीस वर्षांनीही ते तिथेच असतं, आणि तीन वर्षांच्या पोराच्या अंगात ते मोठ्यांपेक्षा लवकर भिनतं. तुझी आई माझी सख्खी बहीण, तिची शपथ मलाही होती. पण ती शपथ एका बापाला जपायला घातली होती. आता तिच्यापायी दुसरं पोर भरडलं जातंय. आई आज असती तर तिनेच पहिल्यांदा ती मोडली असती.

हे पत्र वाचून झालं की धाकटीला लिही. चहा नंतर कर.

तू लिहिलंस असं कळेपर्यंत माझा लोभ मी खुंटीला टांगून ठेवलाय.

मावशी


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरते, माझाच.

तुझा हुकूम अर्धा पाळला. टोमॅटो कुंड्यांत लावले, बाकी सगळं आहे तिथेच आहे. ओलीचं बाबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, त्या भिंतीला चाळीस वर्षांत ओल आली नाही, ती आता मोठीच्या पत्रातून आली. आणि खरंच, कुजायचं नाव नाही. पालक दोनदा कापून झाला. मुळे निघाले, बोटाएवढेच, पण भिंगरी धुवायलाही थांबली नाही. रोज एक वेळ घरची भाजी असते. बाबा सकाळी दाढी करतात, ताई! दुसरा वाफा कुठे घ्यायचा याच्या रेघा मारून झाल्यात.

घेवड्याच्या दोऱ्या सरळ राहाव्यात म्हणून त्यांनी एक ओळंबा केलाय. खणताना लिंबाएवढा राखाडी, जड गोळा सापडला. बाबांनी लगेच ओळखला, भट्टीतलाच होता. त्याला दोरी बांधली. काम झालं आणि गोळा भिंगरीने पळवला. बाहुली सोडून त्याला जोजवते, मध्येच तोंडातही घालते. मी दिवसातून दहादा काढून घेते, आजोबा अकराव्यांदा परत देतात.

भिंगरीचीच जरा काळजी वाटतेय. तिला माती खायचं खूळ लागलंय. दोन आठवडे पोट दुखतं म्हणते, जेवत नाही, चेहरा पांढरा पडलाय आणि चिडचिड तर विचारू नकोस. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, फरक नाही. आणि आधी रंगांची नावं घडाघडा सांगायची, आता निळ्यापाशी अडखळते. तिचा बाबा गाडी चालवून दमून आला की तिला हेच विचारत बसतो. काल म्हणाला, घरात एक सातचा पाढा आहेच, आता रंगांचाही झाला. सगळे हसले, पण मला नाही हसू आलं. लहान मुलं विसरतात का गं अशी?

लोभ आहे तसा असू दे, आणि रागावली असशील तर तेही लिही.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आज दुपारी फोनवर मी ओरडले ते तुला कळलं का, मला माहीत नाही. शेजारणीला नंबर लावायला सांगितलं होतं, तुझा आवाज आला की माझ्या खांद्याला हात लाव म्हटलं होतं. तिने हात लावला आणि मी बोलत सुटले. भिंगरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, रक्तात शिसं आहे का ते तपासायला सांग, तो गोळा काढून घे, त्या वाफ्यातलं काहीही कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. तीनदा तेच बोलले. पलीकडे तू रडत होतीस की फोन टाकून धावली होतीस, काही कळलं नाही. नंतर शेजारणीने कागदावर लिहून दाखवलं, की तू एकसारखं का, का एवढंच विचारत होतीस.

तर ऐक. ओल नव्हती. बाबांच्या भट्टीची ती राख खत नाही, शिसं आहे. आपला दादा जन्मापासून असा नाही. चार वर्षांचा होईपर्यंत तो त्या धुळीत रांगला, खेळला, आणि तिने त्याची बुद्धी खाल्ली. डॉक्टरांनी हे आईला माझ्यादेखत सांगितलं. आईने बाबांना जपायला वासाचं खोटं कारण दिलं, धंदा बंद पाडला, फरशा घातल्या, आणि मला शपथ घातली. मी ती चाळीस वर्षं पाळली.

आणि हेही लिहायलाच हवं. मावशीने महिन्यापूर्वीच मला बजावलं होतं. तिचं पत्र शिवणाच्या डब्यात पडून होतं. रोज सुई काढताना दिसायचं आणि रोज मी मनाशी म्हणायचे की धाकटीने एव्हाना फरशा बसवल्या असतील. तुझा एक शब्द आला नाही तेच मला सोयीचं होतं. बाबा मोडतील याची मला भीती होती, त्या भीतीपायी मी तुझ्या पोरीला तिथे खेळू दिलं.

बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. ते ठरवायला मी आता लायक नाही.

लोभ मागत नाही. भिंगरीचं काय ते फक्त एका ओळीने कळव.

ताई


२९ मार्च

ताईस,
नमस्कार. शिरसाष्टांग घालवत नाही.

भिंगरीच्या रक्तात शिसं निघालं, पुष्कळ. बाहेरून येणं थांबलं की हळूहळू उतरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या दिल्यात, दर महिन्याला रक्त तपासायचं आहे. सुईला ती आता ओरडतही नाही, नुसती हात पुढे करते. डोक्यावर काही परिणाम झालाय का विचारलं तर म्हणाल्या, बघू. त्या एका शब्दावर आमचं घर उभं आहे. लवकर आणलंत हे बरं झालं असंही म्हणाल्या, तेव्हा मला तुझं नऊ फेब्रुवारीचं पत्र आठवलं. पाच आठवडे झाले होते त्याला.

बाबांना मी काही सांगितलं नाही, ती वेळच आली नाही. आम्ही सगळे तपासणीच्या खोलीत होतो. बाईंनी विचारलं, की घरात कुणी कधी बॅटऱ्यांचं काम केलंय का. बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. मग त्यांनी विचारलं, ते कधीची गोष्ट, आणि त्या वेळी घरात लहान मूल होतं का. बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा खाली बसून भिंगरीच्या बुटांचे बंद बांधत होता. बाबांनी हात खाली घेतला. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे तुझं पत्र मागितलं आणि मी दिलं.

आता ते पुन्हा खुर्चीत आहेत, भिंतीकडे तोंड करून. घेवड्याला फुलं आली होती, मी सगळा उपटून पोत्यात भरला. दादा मागे उभा राहून बघत होता, आपलं काय चुकलं, पाणी कमी पडलं का, असं विचारत होता.

माझ्याकडे लोभ शिल्लक असला तर तो सापडल्यावर कळवीन.

धाकटी


६ एप्रिल

चि. मोठीस,
बाबांचे आशीर्वाद. हे मी रीत म्हणून लिहिलेले नाहीत, मुद्दाम लिहिले आहेत.

कित्येक वर्षांत पत्र लिहिलं नाही, अक्षर लागलं नाही तर चालवून घे. भिंगरीचं पोट दुखायचं थांबलं. काल निळ्याला निळा म्हणाली, आज पुन्हा गप्प बसली. तेव्हा अजून काही धरून चालता येत नाही. फरशा मी परत बसवल्या. पाच दिवस लागले. जावई मदतीला येत होते, त्यांना येऊ दिलं नाही.

घरी आला-गेला कुणीही बसला की मी सांगायचो, हिला वास सहन झाला नाही म्हणून माझा धंदा गेला. तुझी आई तिथेच चहा गाळत असायची आणि हसायची. चाळीस वर्षं मी तिला हा टोमणा मारला. एकदा जरी ती उसळली असती तर मला कळलं असतं. आता तिच्यापाशी बोलायला मी भिंतीशिवाय कुठे जाणार?

पण मोठे, मला तिचा रागही आला आहे आणि तुझाही. मी मोडेन म्हणून तुम्ही गप्प राहिलात. मोडलो असतो. मग कधीतरी उठलोही असतो. पण मला माहीत असतं तर मी त्या पोराला पाढ्यांसाठी पट्टीने मारलं नसतं. मठ्ठ म्हटलं नसतं. घरात त्याची थट्टा करायची रीत मीच पाडली. तुम्ही मला जपलंत आणि त्याची किंमत त्याने दिली.

परवा त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. भट्टीचं सांगितलं, मांडीवर घ्यायचो तेही सांगितलं. माफी मागितली. माफीचं त्याला फारसं कळलं नाही. त्याने एकच विचारलं, की म्हणजे पाढे त्याच्यामुळे चुकत नव्हते का. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग तो उठला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून आला. जावयांना सांगितलं, कारखान्यात मुकादमाला सांगितलं. पंचेचाळिसाव्या वर्षी माझा मुलगा दारोदार जाऊन सांगतोय, की सातचा पाढा त्याच्यामुळे चुकत नव्हता. त्याला इतका आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता, आणि तो मला बघवत नाही.

मी खुर्ची भिंतीकडून फिरवून पायऱ्यांकडे तोंड करून ठेवली आहे. कुंड्यांतले टोमॅटो ठीक आहेत, त्यांची माती बाहेरची होती. धाकटी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, पण हे पाकीट तिनेच आणून दिलं आणि त्यावर तुझा पत्ताही तिनेच घातला.

दादाला तुला काहीतरी लिहायचं आहे. खाली जागा सोडतो. कुणी मदत केलेली नाही.

लोभ बापाचा आहे, तो काही कमी होत नाही.

बाबा

ता. क.
ताई, मी कुंड्यांना पाणी घातलं. पाढे माझ्यामुळे चुकत नव्हते. बाबांनी सांगितलं. तुला आधीच माहीत होतं. मग तू का हसायचीस?
दादा